मजुरांची सोय

माझ्या घरात 'सोय' हा शब्द वापरायची सोय नाही. सूनबाई फोनवर मैत्रिणीला सांगते, "बाईची सोय झाली गं एकदाची," आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बाई मिळाली म्हण, बाई ठेवली म्हण, बाई उद्यापासून येते म्हण. सोय काय? सून फोन ठेवते आणि हसते. म्हणते, "आई, त्या शब्दाचं आणि तुमचं काय वैर आहे कळत नाही." तिला कळावं म्हणून हे लिहायला घेतलं आहे. ती वाचेल की नाही कोण जाणे. खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर बसून मिठागराच्या गोष्टी वाचायला कुणाला वेळ आहे.

गोष्ट पनवेलच्या शाळेतली. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होते. आमचं गाव खाडीच्या कडेला. पावसाळ्यात भात आणि पाऊस सरला की मीठ, एवढीच दोन कामं. भाताची जमीन आमची नव्हती आणि मिठागरही आमचं नव्हतं. बाबा लांब दांड्याच्या फळीने वाफ्यातलं मीठ ओढून बांधाला लावायचे, आणि आई ते पाटीत भरून डोक्यावरून राशीपर्यंत न्यायची. मी रोज चालत पनवेलला यायची. बांध संपला की खाडीच्या पाण्यात पाय धुवायचे, मग चपला घालायच्या. चपला शाळेपुरत्याच होत्या.

आमच्या गावातून त्या वर्गापर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. आता हे सांगितलं की लोक कौतुकाने बघतात. तेव्हा मला नुसती भीती वाटायची. बाबांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं, "मॅट्रिक झालीस तर मास्तरीण हो. नाय झालीस तर फळी हाय." बाबा रागाने बोलले नव्हते, जे होतं ते सांगत होते. मॅट्रिकला बसायचं तर आधी शाळेची प्रिलिम पास व्हायला लागायचं. प्रिलिमला एका विषयात जरी गेलं तरी शाळा फॉर्म पुढे पाठवायची नाही. म्हणजे माझ्या आणि फळीच्या मध्ये एक फॉर्म होता.

इतिहासाचे सर खादी घालायचे, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले होते. शिकवायचे फार सुंदर. हे मी अजूनही नाकारत नाही, आणि म्हणूनच राग जास्त येतो. वाईट मास्तरावर रागावून काय उपयोग? सर मिठाच्या सत्याग्रहाचा धडा शिकवायला लागले की त्यांचा आवाज भरून यायचा, आणि वर्गातली सगळी डोकी माझ्याकडे वळायची. जणू तो सत्याग्रह आमच्याच अंगणात झाला होता. सरही माझ्याकडे बघून मायेने हसायचे. पण मीठ कसं तयार होतं, वाफा कसा तुडवतात, हे सहा महिन्यांत एकदाही त्यांनी मला विचारलं नाही. चिमूटभर मीठ ज्यांनी उचललं त्यांचा धडा होता, पाट्या जे उचलतात त्यांचा नव्हता.

त्या वर्षी मुंबईहून शाळेत पुस्तकांचा एक गठ्ठा फुकट आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, आणि वास असा की पहिल्या तासाला आम्ही नुसती पानं हुंगत बसलो. विषय होता अमेरिकेतल्या वसाहतींमधलं लोकजीवन, म्हणजे तो देश इंग्रजांच्या ताब्यात होता तेव्हाचं. निम्मी पुस्तकं इंग्रजीत होती, ती कपाटात गेली. मराठी भाषांतर वर्गात आलं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आम्हाला अभ्यासाला होतंच. सरांनी ठरवलं की त्याच्या आधीचा काळही शिकवायचा आणि प्रिलिमला त्यावर प्रश्न काढायचा.

खोटं कशाला बोलू, मला ते पुस्तक आवडलं. उत्तरेकडची जमीन दगडाळ, माणसं देवभोळी आणि काटकसरी. रविवारी सगळं गाव प्रार्थनेला बसायचं, आणि कुणी पेंगलं तर त्याला लांब काठीने ढोसायला एक माणूस नेमलेला असायचा. हे वाचून मी एकटीच हसत सुटले होते. मधल्या वसाहतींत गहू पिकायचा. तिथे डच, जर्मन, इंग्रज, प्रत्येकाचं देऊळ वेगळं, बाजार मात्र सगळ्यांचा एकच. ते वाचताना मला पनवेलचा बाजार दिसायचा. तिथे कोकणी मुसलमान दुकानदार आईला "आओ खाला" म्हणून हाक मारायचा आणि आई त्याला "भाय" म्हणायची. दक्षिणेकडे तंबाखूचे मळे, उंच खांबांची घरं, नाच, घोडे आणि पाहुण्यांची ऊठबस. मी बांधावरून चालता चालता हे सगळं पाठ म्हणायची.

मग ते वाक्य आलं. 'दक्षिणेकडील वसाहतींत मजुरांची सोय उत्तम होती, त्यामुळे तेथील जमीनदारांना संगीत, शिकार व आदरातिथ्य यांसाठी सवड मिळे.'

सरांनी ते मोठ्याने वाचलं आणि समजावून सांगितलं. "म्हणजे बघा, मालक किती उदार असतील. मजुरांना राहायला खोपटी, खायला अन्न, आजारपणात औषध. सगळी सोय मळ्यावरच." सरांचा दोष म्हणावा तर एवढाच की त्यांनी मराठी वाचलं तसंच ते समजले. पाहुण्यांची सोय म्हणजे पाहुण्यांसाठी केलेली सोय. तशी मजुरांची सोय म्हणजे मजुरांसाठी केलेली. कुठल्याही मराठी माणसाला तेच वाटणार.

मला मात्र तसं वाटलं नाही. दिवाळी झाली की मिठागराच्या मालकाचा मुकादम गावात यायचा आणि ओट्यावर बसून पहिलं वाक्य हेच बोलायचा, "यंदा मजुरांची सोय काय आहे?" त्याला आमची राहायची-खायची काळजी लागलेली नसायची. किती हात मिळतील, एवढंच त्याला विचारायचं असायचं.

मी हात वर केला. म्हटलं, "सर, सोय कुणाची होती? मजुरांची की मालकांची?"

"मजुरांची. स्पष्ट लिहिलं आहे."

"पण सर, मजुरांची एवढी सोय केली तर मालकांना सवड कशी मिळेल?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बस खाली. शब्दाचा कीस काढायला हा काही व्याकरणाचा तास नाही." मी बसले. 

त्याच संध्याकाळी ते पान मी घरी आईला वाचून दाखवलं. आई चुलीपुढे बसून सुके बोंबील निवडत होती. चांगले लांब बोंबील बाजारात द्यायचे आणि मोडके, काळपट पडलेले घरात ठेवायचे. उत्तरेच्या कोळ्यांबद्दल पुस्तकात होतं, की खारवलेली उत्तम मासळी युरोपात जाई आणि हलक्या प्रतीची मासळी दूरच्या बेटांवरच्या मळ्यांत मजुरांच्या अन्नाची सोय म्हणून पाठवत. आईचा हात थांबला.

"मोडका मावरा त्यांना?" तिने विचारलं.

"हो. आणि इथे लिहिलंय की मजुरांची सोय उत्तम होती."

आईने मोडक्या बोंबलांची टोपली माझ्याकडे सरकवली. "मोडका मावरा ज्याला देतान, त्याची सोय नाय करत. उद्या कामाला उठला पायजे येवढा जगवतान. त्यांची कसली सोय गो? ती माणसंच सोय व्हती."

अक्षरओळख नसलेल्या बाईने एका दमात पुस्तकाची चूक काढली होती. तरी माझं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कपाटातलं इंग्रजी पुस्तक मागून घेतलं आणि शब्दकोश घेऊन बसले. चित्रं तीच, त्यामुळे पान लगेच सापडलं. त्या वाक्यात मजूर नव्हतेच. तिथे सरळ 'स्लेव्ह्ज' लिहिलं होतं, म्हणजे गुलाम. आणि गुलाम भरपूर मिळत होते, असं त्या वाक्यात म्हटलं होतं. भाषांतर करणाऱ्याला गुलाम हा शब्द बोचला असावा, किंवा फुकट पुस्तक देणाऱ्याला बोचेल असं वाटलं असावं. त्याने 'मजूर' लिहिलं. 'मिळत होते' याच्या जागी 'सोय होती' लिहिलं. माणसं विकत घ्यायचा बाजार दोन शब्दांत धुऊन काढला. हे कुणाला सांगावं ते मला कळत नव्हतं.

थंडीत प्रिलिम झाली. दहा गुणांचा प्रश्न होता: दक्षिणेकडील वसाहतींतील लोकजीवनाचे वर्णन करून तेथे मजुरांची सोय कशी होती ते लिहा.

पुस्तकातलं वाक्य मला पाठ होतं. ते उतरवलं असतं तर विषय संपला असता. पण मी मळे लिहिले, खांबांची घरं लिहिली, आणि मग लिहिलं: 'मजुरांची सोय नव्हती. मजूर हीच सोय होती.' पुढे गुलामांबद्दल लिहिलं, मोडक्या मासळीबद्दल लिहिलं. पानभर लिहिलं. लिहिताना हात इतका जोरात चालत होता की टाकाचं टोक कागदात रुतलं.

पेपर हातात आला तेव्हा त्या पानावर लाल शाईचं मोठं शून्य होतं. बाजूला सरांचं सुबक अक्षर: 'पुस्तकात असे नाही.' पासाला पस्तीस हवे होते, मला एकोणतीस पडले. बाकी सगळ्या विषयांत मी पास होते. गणितात तर वर्गात तिसरी.

बाबा शाळेत यायला तयार होईनात. मास्तरांसमोर काय बोलायचं, म्हणाले. आई आली. मिठागरावरून थेट आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला. शिक्षकांच्या खोलीच्या दारातच थांबली, आत फरशी स्वच्छ होती म्हणून. सरांनी तिला खुर्ची दिली नाही असं मी म्हणणार नाही. दिली. ती बसली नाही.

मी इंग्रजी पुस्तक उघडून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. सरांनी चष्मा लावला. वाचलं. पान उलटून परत पहिल्यापासून वाचलं. त्यांचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. त्यांना कळलं होतं. ते समजले नसते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

पुस्तक मिटून ते म्हणाले, "हं. भाषांतरात थोडी गफलत झालेली दिसते. पण परीक्षा मराठी पुस्तकावर होती. सगळ्या वर्गाने पुस्तकातलं लिहिलं, त्यांना मी गुण दिले. आता तुझे वाढवले तर त्यांचे कमी करू का?"

"नका करू," मी म्हटलं. "माझे फक्त द्या."

"नियम म्हणून काही असतो." मग ते आईकडे वळले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. मुलगी हुशार आहे, पुढच्या वर्षी बसेल. आणि आता हंगाम सुरू होतोय, तोवर तुमचीही हाताखाली सोय होईल."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तोंडात सहज आला तो शब्द. मुकादमाच्या यायचा तसाच आला.

आई म्हणाली, "मास्तर, ती सोय नाय. माजी पोर हाय ती." आणि दारातून मागे फिरली. मी इंग्रजी पुस्तक टेबलावरच ठेवून तिच्या मागे गेले.

त्या हंगामात मी मिठागरावर होते. वर्गातल्या मुली मॅट्रिकचा पेपर लिहीत होत्या तेव्हा मी पाट्या वाहत होते. टाचांना चिरा पडल्या, त्यांत खारं पाणी शिरायचं. पहिले आठ दिवस मी रडले, मग रडणं सुटलं. मनात मात्र सारखे सर असायचे. पाटी उचलताना एक शिवी, उतरवताना एक शिवी. सगळ्या मनातल्या मनात, कारण शेजारी आई असायची. करंजाड्याकडची एक बाई मुलासाठी मला बघायला आली तेव्हा बाबांनी मला हाक मारली, आणि मला वाटलं की झालं, आता माझीही सोय लागणार. आईने त्या बाईला पाणी दिलं, गूळ दिला आणि सांगितलं की पोरीची शाळा बाकी हाय. बाबा चिडले. त्यांचं म्हणणंही उगाच नव्हतं. घरात दोन हात वाढले होते, ते परत शाळेत घालवायचे कसे? आई म्हणाली, "तिच्या वाटच्या पाट्या मी उचलीन." आणि तिने उचलल्या. तिची मान डावीकडे कलली ती त्याच सालापासून. पुढे कुणी विचारलं की म्हातारपण म्हणायची. मान कलली तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती.

जूनमध्ये मी परत त्याच वर्गात बसले, एक वर्ष लहान मुलांबरोबर. दिवाळीनंतर सरांनी ते गुळगुळीत पुस्तक काढलं. दगडाळ जमीन, पेंगणाऱ्याला ढोसणारी काठी, गहू, तंबाखू, सगळं तसंच, तितकंच सुंदर. मग ते वाक्य आलं. सर थांबले. चष्मा काढून हातात घेतला.

"मुलांनो, इथे भाषांतरात चूक आहे. पुस्तक आंधळेपणाने वाचायचं नसतं," ते म्हणाले. "मूळ शब्द गुलाम असा आहे. तेव्हा लिहून घ्या. मजुरांची सोय नव्हती. मजूर हीच सोय होती."

 एक मुलगा पुटपुटला, "काय वाक्य आहे." सगळ्यांच्या माना वह्यांवर झुकल्या. सर खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. विसरले असतील असंही मला वाटून घ्यायचं होतं, पण शब्द न् शब्द तोच होता. शून्य देताना त्यांनी तो नीट वाचला होता, एवढं नक्की.

मी उठायला हवं होतं. वाक्य कुणाचं ते चारचौघांत विचारायला हवं होतं. बाकाच्या कडेला धरलेले माझे हात मला अजून आठवतात, आणि तळहातांवरचे पाटीचे घट्टे. मी उठले नाही. वही उघडली आणि माझंच वाक्य सरांच्या तोंडून उतरवून घेतलं.

प्रिलिमला तोच प्रश्न आला. मी तेच उत्तर लिहिलं. दहापैकी नऊ मिळाले. बाजूला लाल शाईत: 'वर्गात लक्ष असते. शाबास.'

तो पेपर घेऊन मी तशीच बांधावर गेले. हंगामाआधीची डागडुजी चालू होती, आई चिखलाच्या पाट्या टाकत होती. फॉर्म जाणार म्हणून सांगितलं तेव्हा तिने पाटी खाली ठेवली. पेपर हातात घेतला, उलटा धरला, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय लिवलाय?"

"शाबास लिहिलंय."

"तू काय लिवलं व्हतंस?"

मी वाक्य वाचून दाखवलं. तिने मान आणखी कलती करून ऐकलं. मग म्हणाली, "हे तर मी बोललेली."

 वर्षभर मी सरांना शिव्या घातल्या होत्या, माझं वाक्य चोरलं म्हणून दिवाळीपासून दातओठ खात होते, आणि त्या सबंध काळात हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"मास्तरांना सांगितलंस?" तिने विचारलं. तक्रार नव्हती, सहज विचारलं.

नव्हतं सांगितलं. पुढेही नाही सांगितलं. फॉर्म गेला, मी पास झाले, मास्तरीण झाले, तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. ते वाक्य दरवर्षी वर्गात म्हटलं. मुलं दरवर्षी ते वहीत उतरवून घ्यायची, आणि कुणाचं म्हणून मी कधी सांगितलं नाही. त्या दिवशी बांधावर आईने चुंबळ सारखी केली, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि बांधावरून चालायला लागली. मी चपला घालून उभी होते. तिच्याकडे बघताना मला माझी सोय दिसली.